फटफटीच्या पुढं गेलेली सायकल

मित्रांनो, मी एक काळी, पोलादी, आडव्या दांडीची सायकल आहे. वयानं मी फार म्हातारी नाही, पण अंगावर इतके चरे पडले आहेत की नवखा माणूस मला जुनाटच म्हणतो. म्हणू दे! गेल्या माघ महिन्यात माझ्या हातून, म्हणजे माझ्या चाकांतून जे घडलं, ते आठवलं की मला अजून उभ्या उभ्या फिरावंसं वाटतं. ते तुम्हाला कधी एकदा सांगते असं झालं आहे. पण आधी माझी ओळख करून द्यायला हवी.

माझे सुटे भाग गवतात गुंडाळून नगरला आले. तिथं माळीवाड्यात गनीभाईंच्या दुकानात मला जोडलं. गनीभाई चाकाची एकेक तार आवळायचे, चाक गरकन फिरवायचे, डोळा बारीक करून बघायचे आणि पुन्हा आवळायचे. शेवटी ते माझ्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "बघा सहादेवराव, जरा बी डुगडुग न्हाई. फिरवा बिनघोर!"

सहादेव सुप्याजवळच्या एका वस्तीवरचा शेतकरी होता. रोज सकाळी तो दुधाच्या कॅनी मला लावून पक्क्या रस्त्यापर्यंत जायचा. त्यानं माझ्या मुठींना लाल गोंडे बांधले होते. मळ्यातून परत येताना माझ्या कॅरियरवर घासाचा भारा असायचा आणि त्याच्या तोंडात शीळ. बहात्तर साली पाऊस रुसला, तेव्हा कॅनींच्या जागी पाण्याच्या घागरी आल्या. सहादेव हँडल धरून पुढं चालायचा आणि त्याची बायको रतनबाई मागून ढकलायची. माझ्या तारा कुरकुरायच्या, पण त्या वर्षी एकही घागर मी वाटेत सांडली नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. गोठ्यात पुन्हा दूध आलं आणि दारात आली फटफटी.

काय तिचा आवाज! काय तो धूर! सारी वस्ती गोळा झाली. सहादेव तिला रोज फडक्यानं पुसायचा. मला मात्र गोठ्यात कुडाला टेकवलं गेलं. माझ्या हँडलला कांद्याची गोणी अडकवली. सीटवर कोंबड्या बसू लागल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? चाकांतली हवा उतरत गेली, साखळीवर गंज चढला, आणि लाल गोंडे तर शेळीनंच खाल्ले.

एक दिवस रतनबाई गोठ्यात आली. तिनं कोंबड्या हुसकल्या, गोणी उतरवली. मग रॉकेलच्या चिंधीनं गंज पुसला, साखळीला गोडेतेल सोडलं, हवा भरली आणि मला खळ्यात नेलं.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, लुगडं नेसून दांडीच्या सायकलवर कसं बसायचं? अहो, नऊवारीचा काष्टा घट्ट मारला की दांडीची अडचण राहतेच कुठं! पण पहिले काही दिवस आम्ही दोघी जेवढ्या चाललो त्याहून जास्त आडव्या झालो. तिचे कोपर सोलले, माझं मडगार्ड चेपलं. खळ्याच्या कडेला माणसं उभी राहून हसायची. एक जण तर ओरडला, "आता म्हशीनं फटफटी चालवायचीच ऱ्हायली!"

सहादेवही चिडला. "मोडून घेशील हातपाय!"

रतनबाई लुगड्याची माती झटकत म्हणाली, "हातपाय माझे हायती, अन् सायकल तुमी टाकलेली हाय. मग तुमचं काय जातंय?"

 सहादेव फटफटीला किक मारून निघून गेला.

आणि मग एका संध्याकाळी आम्ही पडलोच नाही! खळ्याबाहेर पडलो, बांधाकडेनं गेलो, ओढा ओलांडला, माळावर आलो. रतनबाई मोठ्यानं हसत होती आणि मी माझी घंटी उगाचच, कुणी वाटेत नसताना, वाजवून घेत होते. त्यानंतर मळ्यातली भाकरी, दळण, सगळं आम्हीच नेऊ लागलो. पंक्चरसुद्धा ती स्वतः काढायला शिकली.

त्या हिवाळ्यात पेट्रोल भलतंच महागलं. पंपावर गेलं तरी मिळेलच याचा भरवसा नसे. सहादेव फटफटी आडवी करून टाकीतला तळाचा थेंब इंजिनात उतरवायचा.

माघातल्या एका दुपारी सहादेवची भावजय बनुबाई हिला कळा सुरू झाल्या. तिचा नवरा भीमा ऊसतोडीसाठी कारखान्यावर गेला होता. वस्तीवरची सुईण आक्काबाई धावत आली. पण थोड्याच वेळात ती दाराशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "मूल पायाळू हाय, पायाकडनं येतंय. माझ्या एकटीच्या हातचं काम न्हाई हे. सुप्याच्या नर्सबाईंना आना, लवकर!"

सहादेवनं फटफटीला किक मारली आणि धुरळा उडवत गेला. मी भिंतीला टेकून बघत होते. माझ्या मनात हेवा नव्हता. लवकर जा बाई, आणि लवकर ये, एवढंच मी तिला म्हणत होते.

सावली अंगणात सरकली. फटफटीचा आवाज काही येईना. आत बनुबाई रतनबाईचा हात सोडत नव्हती. "जाऊबाई, जाऊ नका," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

रतनबाई तिच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाली, "बनू, मी गेले तरच कुनीतरी येईल. दम धर. आत्ता येते."

बाहेर येऊन तिनं काष्टा खोचला, पंप कॅरियरला बांधला आणि टांग टाकली.

अशी मला आजवर कुणीच पळवली नव्हती! खडी उडत होती, बाभळी मागे पळत होत्या, माझी साखळी नुसती गात होती. उतारावर तिनं ब्रेकला हातसुद्धा लावला नाही. अर्ध्या वाटेवर समोर कोण दिसावं? सहादेव! लंगडत, घामाघूम होऊन फटफटी ढकलत होता. मागून नर्स लंकाबाई हातात पिशवी घेऊन भराभर चालत येत होत्या.

"रतन? तू हिकडं?"

"काय झालं?"

"पेट्रोल संपलं. किका मारून मारून बघितलं, तर किकच उलटी बसली. घोटा सुजलाय." त्यानं फटफटी थांबवली. "बनू कशी हाय?"

"वाट बघतीया. बाई, बसा मागं."

लंकाबाईंनी माझ्या कॅरियरकडं पाहिलं. "मी जन्मात सायकलवर बसले नाही हो. पडले तर?"

"मी लई पडलेय बाई. म्हनून तर आता पडत न्हाई. बसा!"

तेव्हा सहादेवनं फटफटी बांधाला टाकली, मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि लंकाबाईंना बसवलं. पिशवी हँडलला अडकवली. आणि तसल्या सुजल्या पायानं तो कॅरियर ढकलत आमच्या मागे पळाला. "जा रतन! जा!" त्याचा आवाज बराच वेळ माझ्या मागे येत होता.

परतीला वारा समोरून होता. ओझं दुप्पट झालं होतं. लंकाबाईंनी डोळे गच्च मिटून रतनबाईची कंबर धरली होती. ओढा पार केला आणि माझ्या मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. हवा सूं करून उतरू लागली. माझा तर जीवच गेला! आत्ताच का? पंक्चर काढत बसायला वेळ कुठला?

रतनबाईनं खाली उडी मारली. काटा तिनं काढला नाही, तो काढला असता तर होती ती हवाही गेली असती. तिनं दात ओठ खाऊन पंप मारला आणि पुन्हा टांग टाकली. थोडं जावं, हवा भरावी, पुन्हा निघावं. शेवटच्या चढाला लंकाबाईंनी आपणहून उडी टाकली, पाचवारीचा पदर कमरेला खोचला आणि त्या मागून ढकलू लागल्या.

"चला रतनबाई, मी आहे मागे!"

चढ संपला तेव्हा चाक पार बसलं होतं. उरलेली वाट मी रिमवर धावले. प्रत्येक दगड हाडाला लागत होता, दोन तारा तुटल्या, पण मी थांबले नाही. थांबेन कशी? अंगणात शिरताच लंकाबाई पिशवी ओढून आत पळाल्या. रतनबाई त्यांच्या मागे. मी धाडकन भुईवर पडले आणि तशीच पडून ऐकत राहिले.

आत हळू बोलणं चाललं होतं. बनुबाई एकदा मोठ्यानं ओरडली. मग काहीच ऐकू येईना. आणि मग, मित्रांनो, एक बारीकसं रडणं! आधी कुरकुर, मग असं खणखणीत की कोंबड्या दचकून उडाल्या.

आक्काबाई दारात येऊन ओरडली, "पोरगी झाली! पायाळू, पन लई ठणठणीत!"

तेवढ्यात सहादेव लंगडत अंगणात शिरला. ते ऐकून त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग त्याचं माझ्याकडं लक्ष गेलं. त्यानं मला उचललं, तुटलेल्या तारांवरून बोट फिरवलं आणि मागचं चाक सोडायला घेतलं.

रतनबाई बाहेर आली. "ऱ्हाऊ द्या. पाय सुजलाय न्हवं?"

"तू बनूजवळ बस," तो मान वर न करता म्हणाला. "हिचं मी बघतो. तू लई पळालीस आज. दोघी बी लई पळालात."

दोघी! मित्रांनो, त्या शब्दासाठी मी आणखी चार तारा तोडल्या असत्या.

आता फटफटी आणि मी एकाच गोठ्यात शेजारी शेजारी उभ्या असतो. तिच्यावर माझा राग नाही. पेट्रोल मिळालं की ती नगरला जाते, आणि जवळच्या वाटा माझ्या. नवं यंत्र आलं म्हणून जुन्याला कोपऱ्यात सडत ठेवू नका, एवढंच माझं मागणं आहे. साखळीला तेल द्या, चाकात हवा ठेवा, पावसात सोडू नका. आणि कुणी शिकताना पडलं, तर हसत उभे राहू नका. हात द्या.

आज खळ्यात भलतीच गंमत चालली आहे. माझ्या सीटवर लंकाबाई आहेत! रतनबाईचं लुगडं नेसून, काष्टा मारून त्या सायकल शिकायला आल्या आहेत. "धरलंय ना? रतनबाई, सोडू नका हं!" असं त्या सारखं ओरडताहेत. कडेला बायकांची गर्दी आहे आणि सगळ्या तोंडाला पदर लावून गप्प उभ्या आहेत, कारण रतनबाईनं कधीच हात सोडला आहे. आम्ही दोघी एकट्याच सरळ चाललो आहोत. लंकाबाईंना हे अजून ठाऊक नाही. तुम्हीही सांगू नका!