तेरा दिवस फळ्यावर

परभणीच्या भगवानरावांचं डोकं मोठं चलाख. वर्तमानपत्र विकत घेऊन वाचणारे खेड्यात कितीसे? म्हणून त्यांनी एसटी स्टँडवर फळेच लावले. पूर्णेला एक, येलदरीला एक, बोरीला एक. पहाटेच्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडं बातम्यांचं पाकीट द्यायचं आणि त्या त्या गावच्या माणसानं ते खडूनं फळ्यावर उतरवायचं. वाचणं फुकट. तळाशी गावातल्या दुकानाची जाहिरात असायची, सगळा कारभार तिच्यावर चालायचा. म्हणून त्यांचा एकच कडक नियम होता: फळा कोरा राहता कामा नये. पाकीट चुकलं तर कालचंच पुसायचं, आजची तारीख घालायची आणि पुन्हा तेच लिहायचं. कोऱ्या फळ्याखालची जाहिरात कुत्रंसुद्धा वाचत नाही, असं भगवानराव म्हणत.

बोरीची तानुबाई अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात लेकीच्या बाळंतपणाला पूर्णेला गेली. स्टेशनात तिची पिशवी चोरीला गेली. दोन दिवसांनी रुळावर एक बाई मेलेली सापडली, तिच्याजवळ ती पिशवी आणि आत तानुबाईचं रेशनकार्ड. झालं, फळ्यावर तानुबाई मेली. तिनं स्वतः जाऊन पूर्णेच्या फळेवाल्याला फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती लागली आणि बाई हसत हसत नातवाला न्हाऊ घालायला मोकळी झाली. इथं दुरुस्ती झाली म्हणजे बोरीतही झाली, असं तिनं धरलं. कुणीही धरलं असतं.

पण तिच्या मरणाची बातमी बोरीला पोचली आणि त्याच दिवशी विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावावरून मराठवाडा पेटला. दलितांच्या वस्त्या जळाल्या, पूल मोडले, गाड्या बंद पडल्या. तेरा दिवस बोरीला पाकीट आलं नाही. जळालेल्या घरांबद्दल फळ्यावर एक अक्षर नव्हतं. तानुबाई मात्र रोज सकाळी नव्या तारखेनं मरत होती, आणि तिच्याखाली सिद्रामप्पांच्या दुकानातल्या लुगड्यांची जाहिरात.

गाड्या सुरू झाल्या तशी ती पहिल्याच गाडीनं बोरीत उतरली. स्टँडवरची माणसं मागं सरली. पोरं तिच्या पायांकडं बघायला लागली. का ते तिला आधी कळेना. मग आठवलं, भुताचे पाय उलटे असतात. नको म्हणत असतानाही तिनं स्वतःच्या पायांकडं बघितलं.

मग तिला फळा दिसला. दुसरीपर्यंत शिकलेली असल्यानं तिला वाचता येत होतं. आजची तारीख, ओल्या फळ्यावर ताजा खडू: बोरीच्या तानुबाई यांचे निधन.

"बन्सी, मुडद्या, मी उभी हाय की तुझ्यापुढं! पूस ते."

फळा लिहिणाऱ्या बन्सीधरच्या हातातून खडू गळाला. "कागद आल्याबिगर मला पुसता येत न्हाई, मावशे," तो कसाबसा म्हणाला. तिला मावशी म्हणावं की नाही, याचीच त्याला खात्री नव्हती.

कागद तिच्याच गाडीनं आला होता. कंडक्टरनं दिलेल्या पाकिटात तुंबलेल्या सगळ्या बातम्या होत्या, त्यांत तळाला तिची दुरुस्ती. बन्सीधरनं लिहिलं: बोरीच्या तानुबाई जिवंत आहेत. तिचा जीव भांड्यात पडला.

"वाचा आता सगळे," ती म्हणाली.

सगळ्यांनी वाचलं. जवळ कुणी आलं नाही. सिद्रामप्पा दुकानाच्या पायरीवरून, तिच्याकडं न बघता बोलले, "फळ्यावर काल एक, आज एक. पन तानुबाई, दहाव्याला कावळा शिवलाय. कावळा कशाला खोटं बोलंल?"

ती घराकडं धावत सुटली. वाटेत दारं लागत गेली. तिच्या पंडितला मयत आणायला रस्ता मिळाला नव्हता, म्हणून त्यानं पिठाचा पुतळा जाळून दिवस घातले होते, हे तिला एका बंद दारामागून कुणीतरी सांगितलं.

"पंडित, दार उघड. माय हाय तुझी."

दार वीतभर उघडलं. सून कडूबाईनं भाताची पत्रावळ उंबऱ्याबाहेर सरकवली आणि मान खाली घालून हात जोडले. "खावा आन् जावा, आत्याबाई." दार पुन्हा लागलं.

तानुबाईला रडू फुटलं. पंडित चार वर्षांचा असताना नवरा गेला, तेव्हापासून हे घर तिनं एकटीनं ओढलं होतं. मेलेल्याचा जीव ज्यात अडकलेला असतो ते बोलल्याशिवाय कावळा पिंडाला शिवत नाही, हे तिला ठाऊक होतं.

"काय बोललास रं कावळ्याला?"

दाराआड पंडितही रडत होता. "माय, कावळा बसंना. ऊन माथ्यावर आलं. तायडीचं बाळंतपन नीट करतो म्हनलो, म्हस इकत न्हाई म्हनलो, तरी बसंना. लोक उठायला लागले. मंग मी म्हनलो, माय, तुझ्याबिगर आमचं चांगलं चाललंय. तसा झडप घालून शिवला."

तिनं दाराच्या फळीवर तळहात टेकला. लाकूड उन्हानं तापलेलं होतं.

"खरंच चाललंय का रं?"

आतून कडूबाईचा आवाज आला, अगदी हळू.

"व्हय, आत्याबाई."