शिडीची दोरी

मी एक जुनी घडीची शिडी आहे. सागवानी लाकडाची, सात पायऱ्यांची, आणि खरे सांगायचे तर आता फार थकलेली. माझ्या बिजागऱ्या कुरकुरतात. तिसरी पायरी मधोमध झिजून खोलगट झाली आहे. अंगावर इतक्या रंगांचे थेंब सांडले आहेत, की माझा मूळ रंग कोणता हे मलाच आठवत नाही. तरी मित्रांनो, तुम्ही ऐकणार असाल तर माझी गोष्ट सांगते. नाहीतरी उभे राहण्यावाचून मला दुसरे काम काय आहे?

मला घडवणारा सुतार मोठा तिरसट होता. एखादी पायरी जरा तिरकी बसली, की तो ती उपटून काढायचा आणि वर लाकडालाच शिव्या द्यायचा. माझे दोन भाग त्याने डोक्याशी बिजागऱ्यांनी जोडले आणि खाली पायांमध्ये एक जाड सुती दोरी बांधली. मला विकत घ्यायला एक तरुण पेंटर आला, तेव्हा सुतार त्याला म्हणाला, "लाकूड तुला दगा देणार नाही. पण ही दोरी आहे तोवर शिडी. दोरी सुटली की नुसती लाकडं." पेंटरने मान डोलावली आणि ते बोलणे मनाशी पक्के बांधून ठेवले.

पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवत असे. अक्षरे तो नुसत्या हाताने काढी, पण वर्तुळाची त्याची रीत ठरलेली होती. मधोमध खिळा ठोकायचा, खिळ्याला सुतळी बांधायची, सुतळीच्या टोकाला खडू, आणि श्वास रोखून एका दमात फिरवायचा. चष्म्याच्या दुकानाची पाटी असो की घड्याळाच्या, त्याचे वर्तुळ पाहायला येणारे-जाणारे थांबत. माझ्यावर चढण्याचीही त्याची रीत होती. खालच्या पायरीवर पायाने दोनदा टकटक करायची, वाकून दोरी एकदा ओढून पाहायची, आणि मगच चढायचे. ती टकटक मला फार आवडायची. दारावर ओळखीचे माणूस आल्यासारखे वाटायचे.

"पेंटर, शिडी मात्र दणकट आहे हो तुमची," असे लोक म्हणत. कौतुकाने पाय दुखायचे काही थांबत नाहीत, पण बरे वाटते.

मग एके दिवशी घरातली कपडे वाळत घालायची तार तुटली. पेंटरची बायको एका लाँड्रीत इस्त्रीचे काम करते. दिवसभर जगाचे कपडे आणि घरी आल्यावर आपले. हातात बादलीभर ओले कपडे, आणि तार तर तुटलेली. तिने इकडेतिकडे पाहिले आणि माझी दोरी सोडून गॅलरीत बांधली. "कपडे वाळले की परत लावीन," असे ती टिकलीला म्हणालीही. टिकली म्हणजे त्यांची मुलगी. वयाच्या मानाने इतकी ठेंगणी, की सगळ्यांनी तिचे तेच नाव पाडले. पण कामाच्या रगाड्यात दोरी परत लावायची राहून गेली. दुसऱ्या दिवशी एका दुकानदाराने सकाळपासून तगादा लावला होता. पेंटर मला खांद्यावर टाकून धावत गेला आणि टकटक न करता, दोरीकडे न पाहता चढला. गुळगुळीत फरशीवर माझे पाय दोहीकडे फाकले. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. येत असते तर त्या दिवशी सारी गल्ली जमवली असती.

त्याच्या मांडीचे हाड मोडले. पुढे ते जुळले, थोडे लंगडणे राहिले, पण चढण्याचे धाडस काही जुळून आले नाही. तो माझ्यापाशी यायचा, खालच्या पायरीवर पाय ठेवायचा आणि काढून घ्यायचा. मोठ्या पाट्यांची कामे हातची गेली. घरी बसून तो दारांवरच्या छोट्या नावाच्या पाट्या रंगवू लागला. सुतळी आणि खिळा डब्यात पडून राहिले. आणि मी दाराआड. खायला काळ आणि भुईला भार! माझ्या एका पायरीवर मोजे, दुसरीवर छत्री, तिसरीवर टिकलीचे दप्तर. समोर गॅलरीत माझीच दोरी, आणि तिच्यावर रोज कपडे. तो ती दोरी रोज पाहायचा. तीही रोज पाहायची. पण दोघेही त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. आयुष्यभर माणसांचे ओझे उचलून मी जितकी थकले नव्हते, तितकी त्या गप्प बसण्याने थकले.

अशातच एका रविवारी जेवणे उरकल्यावर बायकोने माझ्यावरचे मोजे झटकले. ओल्या फडक्याने मला पुसले. गॅलरीतले कपडे खुर्च्यांच्या पाठींवर टाकले, दोरी सोडली आणि माझ्या पायांत पुन्हा बांधली. गाठ मारली, तिच्यावर आणखी एक गाठ मारली. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, शर्ट बदला. आणि शिडी घ्या बरोबर."

"कुठे जायचंय?"

"चला म्हटलं ना."

"भंगारात द्यायचीय का?"

"किती प्रश्न विचारता! चला आधी."

टिकलीला सारे ठाऊक असावे, कारण ती तोंड दाबून हसत होती. पण तिनेही ताकास तूर लागू दिली नाही.

माझा मात्र धीर सुटला. जाताना तरी नीट दिसावी म्हणून आपल्याला पुसले, दोरी बांधली, असे मला वाटले. पेंटरने मला खांद्यावर घेतले. किती दिवसांनी तो खांदा लाभला होता! पण तो इतका सावकाश चालत होता, की त्याच्या मनातही तेच असावे. गल्लीच्या टोकाशी भंगारवाल्याचे दुकान आले. पेंटर थांबला.

"तिकडे काय बघताय? पुढे चला की!" बायको म्हणाली.

दुकान मागे पडले आणि माझा जीव भांड्यात पडला. पेंटरचाही पडला असावा. मला दुसऱ्या खांद्यावर घेताना त्याने हळूच थोपटले.

मोठ्या रस्त्यावर रहदारी बंद होती. कडेने लोखंडी कठडे लावलेले आणि कठड्यांमागे माणसेच माणसे. एकाएकी कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि माझ्या साऱ्या पायऱ्या थरथरल्या.

"शर्यतीच्या गाड्या, बाबा!" टिकलीला आता राहवेना. "आज आपल्या रस्त्यावर कसरती करणार आहेत! आईने त्यांच्या ड्रायव्हरांचे कपडे इस्त्री केलेत!"

खरेच होते ते. ड्रायव्हरांचे जाडजूड पोशाख लाँड्रीत आले, तेव्हाच बायकोला खबर लागली होती. गर्दीत टिकलीला कोणाच्या पाठीशिवाय काही दिसणार नाही, हेही तिने ओळखले होते.

"अगं, मला आधी सांगायचंस तरी," पेंटर म्हणाला.

"सांगितलं असतं, तर शिडी घेऊन आला असता?"

त्याने सगळ्यांच्या मागे, एका बंद दुकानाच्या भिंतीपाशी मला उभे केले. टिकली सरसर वर गेली. एका बाजूने आईने धरले, दुसऱ्या बाजूने बाबांनी. पेंटर खाली मान घालून दुकानासमोरची फरशी पाहत होता. सारा गाव गाड्या बघत होता आणि हा माणूस माझे पाय बघत होता. मला त्याची फार दया आली.

"बाबा, निळी गाडी! जागच्या जागी गरागरा फिरतेय! केवढा धूर!" टिकली वरून ओरडली. "तिने चौकात काळं वर्तुळ काढलंय. अगदी तुम्ही काढता तसं!"

पेंटरची मान वर झाली. "मी काढतो तसं? छे! खिळा नाही, सुतळी नाही. गोल येईलच कसं?"

"गोलच आहे!"

"अंड्यासारखं असणार."

"नाही हो बाबा, गोल आहे!"

त्याने टाचा उंचावल्या. समोर नुसती डोकी. त्याने मान इकडून तिकडे केली. शेवटी त्याला राहवले नाही. "उतर बघू जरा," तो टिकलीला म्हणाला.

आणि मित्रांनो, खालच्या पायरीवर टकटक झाली. दोनदा.

मग तो वाकला आणि त्याने दोरी ओढून पाहिली. ती दुहेरी गाठ त्याच्या हातात आली. तो ती क्षणभर धरून राहिला. त्याने बायकोकडे पाहिले. तिने माझे दोन्ही पाय घट्ट धरले होते. तो चढला. पहिली, दुसरी, त्याच्याच पायांनी झिजलेली तिसरी, मग चौथी. त्याने चौकाकडे पाहिले, एक डोळा मिटून पाहिले.

"डाव्या अंगाला चपटं आहे," त्याने निकाल दिला.

आणि तेव्हा कुठे आपण कुठे उभे आहोत, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने माझी वरची पायरी दोन्ही हातांनी गच्च पकडली. त्या पकडीने माझे लाकूड करकरले. नेमकी त्याच वेळी गाडी थांबली आणि रस्ता एकदम शांत झाला.

"त्या दिवशी दोरी मी सोडली होती," बायको खालून म्हणाली.

"माहितीय. गॅलरीत रोज दिसायची."

"मग बोलला का नाहीत?"

"न बघता चढलो मी. तुला काय बोलणार? उगाच रडली असतीस."

"मी रोज रडतच होते की!"

त्याच्या बोटांची पकड हळूहळू सैल झाली, ती मला कळली.

"अहो भाऊ, तुमचं बघून झालं असेल तर उतरा," शेजारच्या गृहस्थाने हाक दिली. "आमच्या पोरालाही चढू द्या." पेंटर एकेक पायरी करत उतरला. कोणाचाही हात न धरता उतरला. मग काय विचारता! अनोळखी पोरांची रांगच लागली. माझ्या कंबरेचा पार भुगा झाला, पण दोरी जराही ढिली पडली नाही.

आता गॅलरीत कपड्यांसाठी नवी नायलॉनची दोरी आहे. मी दाराआड नाही, जिन्याखाली उभी आहे, घाईत निघणाऱ्या माणसाचा हात पोचेल अशी. मला पॉलिश नको, कौतुकही नको. एवढेच सांगते, मित्रांनो, की माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तूवर भार टाकण्याआधी वाकून तिची दोरी पाहा. आणि घाईत कोणाची दोरी तुमच्या हातून सोडली गेली असेल, तर परत बांधा. बांधायची राहिली, तर निदान तोंडाने सांगा. न सांगितलेले ओझे शिडीलाही पेलत नाही.

उद्या एका सायकलच्या दुकानाची पाटी आहे. दोन वर्तुळे काढायची आहेत. पेंटरने खिळा आणि सुतळी आजच पिशवीत टाकली आहेत. माझे पाय ठणकतात, बिजागऱ्यांना तेल नाही, आणि मला खरोखर विश्रांती हवी आहे. पण सकाळी खालच्या पायरीवर टकटक होईल, तेव्हा मी जागीच असेन.