हातांवर बसणं

भिंतीवर तक्ता. चहा, कंगवा, बटणं. प्रत्येकापुढे दोन रकाने: स्वतः, मदतीने.

अर्धांगवायूने घड्याळजीचा उजवा हात लुळा केला, तेव्हापासून घरात सगळ्या खुणा 'मदतीने'च्या रकान्यात. खुणा करणारी बायको. मदत करणारीही तीच.

आणि पुनर्वसन केंद्रात?

केंद्रात हा गृहस्थ ऑक्युपेशनल थेरपिस्टसमोर बसून शर्टाची बटणं स्वतः लावत होता! बायकोने काचेतून पाहिलं. एका बटणाला चार मिनिटं. ओठ दाताखाली, कपाळावर घाम. बटण बसलं आणि तो हसला. असं हसणं घरात आठ महिन्यांत दिसलं नव्हतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काका, एक नंबर!" थेरपिस्ट म्हणाली.

काका म्हणे. कालची पोरगी.

घरी जाताना:

"तिच्यापुढे बरे हात चालतात तुमचे."

"अगं, ती शिकवते."

"आणि मी काय हमाली करते?"

पुढच्या खेपेला थेरपिस्टने तिलाच बाजूला घेतलं. "काकू, आज अभ्यास तुम्हाला. ते बटणं लावतील तेव्हा तुम्ही हातांवर बसायचं. काही झालं तरी हात काढायचे नाहीत."

"म्हणजे माझ्यामुळे अडलंय?"

"तुम्ही फार भराभर करून टाकता, काकू."

वा! काम हिचं, नाव तिचं, आणि आता खोडही हिचीच.

सकाळ. ती हातांवर बसली. रागाने, पण बसली.

पहिलं बटण. पाच मिनिटं. मांडीखाली बोटं वळवळली.

"लाव ना गं."

"नाही."

"तिथे इतकं अडत नाही."

"मग तिथेच राहायला जा!"

तो थांबला. "तिथे चुकलं तर काही वाटत नाही. तू मला केसाएवढी स्प्रिंग बसवताना पाहिलंयस."

तिच्या हातांना मुंग्या आल्या होत्या.

दुसरं. तिसरं. पाच लागली, सहाव्याला काजच उरलं नाही. पहिलंच एक घर खाली गेलं होतं. तिला ते सुरुवातीपासून दिसत होतं. तोंड दाबून बसली होती.

शर्ट वाकडा, छाती पुढे, घड्याळजी दारात जाऊन उभा राहिला. शेजाऱ्यांना दिसेल असा.

"अहो," ती आतून म्हणाली, "हे तिला सांगायचं नाही हं."

"का? खूश होईल पोरगी."

"म्हणूनच."