जावयाखालची सीट

नाक मुरडण्याआधी ऐका, मी सायकलची सीट बोलते आहे. माणसं एकमेकांना तोंडावरून ओळखतात. मी दुसऱ्या बाजूने ओळखते, आणि त्या बाजूला खोटं बोलता येत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. जाड चामडं भिजवलं, साच्यावर ताणलं आणि लोखंडी सांगाड्यावर ठोकलं. सीताबर्डीच्या दुकानातून महादेवरावांनी मला सायकलसकट नंदनवनातल्या घरी आणलं. ते कचेरीत कारकून. घर ते कचेरी आणि कचेरी ते घर, एवढंच आमचं जग. चामडं हळूहळू माणसाचा आकार घेतं म्हणतात. त्यांचा आकार वाढत गेला, मी खोल जात राहिले.

ब्याऐंशी साली आश्विन अधिक आला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालायची आपल्याकडे रीत. सासुरवाडी पन्नासेक मैलांवरच्या नरखेडची, संत्र्याच्या बगीच्याची. आमंत्रण घेऊन धाकटा साळा मार्तंड मोटरसायकलवर आला आणि चहाचा घोट घेत म्हणाला, "एसटीनंच या, भाऊजी. माह्या मागं बसान, तं पुढचं चाक वर उठते."

महादेवरावांची बायको प्रेमिला खुदकन हसली. साळ्याचं बोलणं कदाचित पचलं असतं, बायकोचं हसणं पचलं नाही.

"सायकलनं येतो!" महादेवराव गरजले. "नाही आलो, तं तुमच्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही."

मार्तंड गेल्यावर प्रेमिलेचं हसू ओसरलं. "वा जी वा! पैज तुम्ही लावता, अन् माहेर माहं तुटते. तुमाले सोडून मी एकटी कोणत्या तोंडानं जाऊ तिथं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे सराव सुरू झाला. अंबाझरी तलावापर्यंत जाऊन यायचं ठरलं होतं. वाटेत तर्री-पोह्यांची, म्हणजे वर झणझणीत लाल रस्सा ओतलेल्या पोह्यांची गाडी होती. दम लागला म्हणून ते थांबले, थांबले म्हणून खाल्लं, आणि खाल्ल्यावर चढ चढवेना म्हणून परत फिरले. आठवडाभर हाच सराव चालला. त्यांचं वाढतं वजन मला तर चांगलंच जाणवत होतं.

"कसा आहे तलाव?" प्रेमिलेनं विचारलं.

"भरून आहे."

"मंग सदऱ्यावर तर्री कशी सांडून राहिली? तलावातून आली काय?"

त्यानंतर ती रोज मागे कॅरिअरवर बसू लागली. गाडीपाशी ब्रेक लागला की म्हणायची, "थांबा खुशाल. मी उतरून पायी जातो. नवरा पोहे खाते अन् बायको चालते, पाहू दे लोकायले." महादेवराव घाम पुसत पुढे निघायचे. दोन माणसांचं वजन ओढून त्यांचे पाय खरंच तयार झाले. महिनाअखेर ते चढावर गाणी म्हणू लागले. सूर सांगण्यासारखा नव्हता.

प्रेमिला आदल्या दिवशी एसटीने पुढे गेली आणि आम्ही दोघंच पहाटे निघालो. पण त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली नव्हती. धोंड्याच्या महिन्यात जावई एका घरचा नसतो, साऱ्या गोताचा असतो. आणि मार्तंडाने रस्ताभर बातमी पेरून ठेवली होती.

कळमेश्वरला मावससासू तुळसाबाई रस्त्यातच उभ्या. "जवाई उपाशी दारावरून गेला, तं माह्या धोंड्याचं पुण्य पाण्यात!" तिथे पुरणपोळ्या आणि वाटीभर तूप झालं. काटोलला चुलतसासरे देवाजींनी सायकलचं हँडलच धरलं. पुन्हा पुरण, पुन्हा तूप, वर वडे. जावयाने नाही म्हणायची सोय नसते. पाय तयार केले होते, पोटाची तयारी कोणी करून घेतली नव्हती. कळमेश्वरला माझ्यावर एक माणूस बसला होता. काटोलला दीड बसला.

पुढे जे झालं त्याला मीही जबाबदार आहे. ऊन, घाम, खड्डे आणि माझं कडक चामडं. त्यांची कातडी सोलून निघाली. नरखेड सात-आठ मैल राहिलं असताना त्यांना टेकवेना.

मार्तंड मोटरसायकलवरून सामोरा आला. त्यांचा चेहरा पाहून थट्टा करायची विसरला. "बसा जी मागं, भाऊजी. सायकल ट्रॅक्टरवर टाकून आणू. आईची शपथ, कोणाले सांगत नाही मी."

महादेवरावांनी त्या मऊ, रुंद सीटकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. मला तिचा मत्सर वाटला.

"बसायचं नाव नको काढू गा," ते म्हणाले, आणि पायडलवर उभे राहिले. उरलेली वाट त्यांनी तशीच कापली. दमले की हातात सायकल धरून चालायचे, पुन्हा पायडलवर उभे. मार्तंड मागे हळूहळू मोटरसायकल चालवत राहिला.

दिवेलागणीला दारात भाकरतुकडा ओवाळला गेला. आत रांगोळी, पाट, समई. सासरे बापूजी म्हणाले, "या, जवाईबापू. बसा."

"बापूजी, बसणं सोडून काहीही सांगा."

जावई उभा असताना यजमानाने पाटावर कसं बसून राहायचं? बापूजी गुडघे धरून उठले आणि त्यांनी ताट हातात घेतलं. मग मार्तंड उठला, मग सगळी पंगत. अंगणात टेकवलेल्या सायकलवरून मी पाहत होते. सगळं घर उभ्याने जेवत होतं.

प्रेमिला पोळ्या घेऊन आधी नवऱ्याकडे आली. "वाढू?"

"वाढ. उभ्यानं जास्त मावते."

परतीला आम्ही एसटीने आलो, मी टपावर. परतीची पैज कोणी लावली नव्हती. आठवड्याच्या आत महादेवरावांनी स्प्रिंगची, रेक्झिनची सीट घेतली आणि मला परसातल्या भिंतीवर ठेवलं.

आता चामडं तडकलंय. कोणी थोडं तेल चोळलं, तर अजून एखादा लांबचा पल्ला सोसेन. तुम्ही पहिल्यांदाच निघणार असाल, तर आधी महिनाभर माझ्यावर बसा, आणि वाटेतल्या नातेवाइकांना कळू देऊ नका. हल्ली माझ्यावर शेजारचं मांजर झोपतं. हलकं आहे बिचारं, पण ते कुठेच जात नाही.