राहिलेल्या मुलीचा नंबर

गोलपोस्टमध्ये उभ्या राहणाऱ्या त्या बाईला सगळे भिंत म्हणत. संघातल्या पोरी म्हणत, पेपरवाले म्हणत, आणि सामना संपल्यावर फाटकापाशी जमणारी चिल्लीपिल्ली तर तोंडावर भिंतताई म्हणत. नाव कौतुकाचं होतं. पण वडील गेल्याला तीन आठवडे झाले तरी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि आता आत्या तेच नाव वेगळ्या सुरात घ्यायला लागली होती. "बाप गेला, पोरीचा चेहरा हलला नाही," असं ती स्वयंपाकघरात कुजबुजली. भिंतीला कान असतात हे बिचारी विसरली. ऐकून राग तरी यायला हवा होता, तोही आला नाही. भीती मात्र वाटायची, की आपण खरंच आतून दगड झालो की काय.

आज ती परत खेळली. दोन-शून्यने जिंकले. तिने दोन अवघड गोल अडवले, लोकांनी टाळ्या पिटल्या, त्या तिला शेजारच्या घरातल्या टीव्हीसारख्या ऐकू आल्या. कोच म्हणाली, "मागच्या दाराने जा. आज मुलांना नाही भेटलीस तरी कोणी बोट दाखवणार नाही." ती "हो" म्हणाली, आणि पाय निघाले फाटकाकडे. सवयीला कुठे विचारपूस लागते?

नऊ वर्षं ती त्या फाटकाशी मुलांना सह्या देत होती, आणि नऊ वर्षं बाबा तिथे रांग लावत होते. बस डेपोत कंट्रोलर होते ते. रिटायर झाले तरी घोळका दिसला की त्यांचे हात शिवशिवत. धक्काबुक्की नाही, लहान पुढे, मोठे मागे. संघाच्या गाडीचा हॉर्न वाजला की दोन-चार पोरं सहीवाचून राहायचीच. त्यांच्यासाठी डेपोचा कायदा होता: गाडी भरली म्हणून जो राहिला, त्याचा पुढच्या गाडीत पहिला नंबर. पुढच्या सामन्याला ते त्या पोराला बरोबर हुडकून पुढे आणून उभं करत.

आज रांग नव्हतीच, नुसता ढीग होता. कोपरं, वह्या, टोप्या, एक प्लास्टरमधला हात. "कोणासाठी?" असं ती प्रत्येकाला विचारत होती आणि सही करत होती. एक पोरगा म्हणाला, "ताई, कसलं भारी अडवलंत!" ती हसली. म्हणजे गालांनी आपलं काम केलं.

तिकीट खिडकीच्या भिंतीला टेकून आठ-नऊ वर्षांची एक मुलगी उभी होती, छातीशी वही धरून. ताईने दोनदा खुणेने बोलावलं. मुलीने दोन्ही वेळा नाही म्हणून मान हलवली. लाजाळू असेल, म्हणून तिनेही सोडून दिलं.

पोरं पांगली. वॉचमनने कुलूप हातात घेतलं. मुलगी अजून तिथेच.

"ये ना. लाजतेस कशाला?"

"लाजत नाहीये. माझा पहिला नंबर आहे."

"अगं, सगळे गेलेसुद्धा. आता पहिला काय आणि शेवटचा काय!"

"मागच्या वेळी मी राहिले. आजोबा म्हणाले, पुढच्या वेळी मी स्वतः तुला पुढे उभी करीन. ते आलेच नाहीत. मग रांग सुरू कशी होणार?"

"आज नाही आले ते."

"बरं. मग मी पुढच्या सामन्याला येते," असं म्हणून मुलगी वळलीसुद्धा. कुरकुर नाही, काही नाही.

जाऊ द्यावं, असंच ताईला वाटलं. सोपं होतं ते. पण ही पोर पुढच्या सामन्याला येणार, त्याच्याही पुढच्या येणार, आणि त्या भिंतीशी उभी राहून न येणाऱ्या माणसाची वाट बघणार. घरी भेटायला येणारे सगळे बातमी कळल्यावरच येत होते. तीन आठवड्यांत ते एक वाक्य तिला कुणाला सांगावंच लागलं नव्हतं.

"थांब," ती म्हणाली. "आजोबा वारले, बाळा. ते आता कधीच येणार नाहीत."

किती वाजले ते सांगावं, तसा आवाज निघाला. मुलगी परत वळली.

"ते तुमचे कोण होते?"

"माझे बाबा."

"बोलले नाहीत कधी. आम्हाला वाटायचं, इथे कामाला आहेत."

नऊ वर्षं. एकदाही बोलले नव्हते. हे ताईलाही आजच कळत होतं.

"चल," ती कशीबशी म्हणाली, "आण वही. तुझा नंबर."

मुलगी जागची हलली नाही. "पण तुम्ही तर आधीच बाहेर आलात. सगळ्यांच्या झाल्यावर पहिला नंबर कसा होईल?"

मुद्दा बिनतोड होता. बाबांनीही मान्य केला असता. ताईने वॉचमनला थांबायला सांगितलं आणि ती परत आत गेली, बूट वाजवत, बोळातून थेट कपडे बदलायच्या खोलीच्या दारापर्यंत. दाराला हात लावला आणि मागे फिरली. वॉचमनने आधी वेड्याकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं होतं, पण तोवर त्याने कुलूप खिशात घातलं होतं आणि फाटक सताड उघडलं होतं.

बाहेर एकटी मुलगी, अगदी ताठ, पायांची बोटं फाटकाच्या पट्टीला लावून उभी. तिच्या शेजारी, जिथे एक माणूस हात आडवा धरून उभा असायचा, तिथे कोणी नव्हतं. ताईने तिकडे एकदा बघितलं. मग वही घेतली.

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

तिने पेन टेकवलं आणि पहिलंच अक्षर तिला दिसेना. आधी नाक वाहिलं, मग डोळे, आणि मग घशातून असा काही आवाज आला की वॉचमनने तोंड फिरवलं.

"ताई, शाई पसरतेय."

"हो गं. जरा थांब."

मुलगी थांबली. पहिला नंबर तिचाच होता, आणि मागे घाई करणारं कोणी नव्हतं.