पाप तळाला, पुण्य वर

हॉलमध्ये साठ खुर्च्या होत्या, माणसं शंभराच्या वर आणि भिंतीला टेकवलेल्या कुबड्यांच्या अकरा जोड्या. बरं झालेल्यांनी कुबड्या तिथंच सोडून जायच्या, अशी इथली रीत.

थोरलीने त्या मोजून घेतल्या. शेजारी धाकटी बहीण बसली होती. गुडघ्यातल्या तुटलेल्या लिगामेंटच्या जागी शस्त्रक्रियेने नवं बसवल्यापासून ती कशावरच काही बोलत नसे. बॅडमिंटनची रॅकेट तिने स्वतःच माळ्यावर टाकली होती. वडील म्हणाले चल, म्हणून ती आली.

रक्तातून 'सोनरस' काढून टोचणाऱ्या महाराजांनी तिचं रक्त काढलं, यंत्रात गरगर फिरवलं आणि नळी उंच धरली. खाली लाल गाळ, वर पिवळं पाणी.

"बघा, पाप तळाला बसलं, पुण्य वर आलं."

"तांबड्या पेशी जड असतात," थोरली पुटपुटली. "आमच्या प्रयोगशाळेत रोज बसतात तळाला."

"गप गं," वडील म्हणाले.

पिवळा रस गुडघ्यात टोचला. थोड्या वेळाने महाराजांनी विचारलं, "दुखतंय का, बाळ?"

"नाही."

लोकांनी हात जोडले. वडिलांचे डोळे भरून आले.

"मग टाक कुबड्या आणि मार उडी."

धाकटी निमूट उठली. थोरलीने तिचा दंड धरला. "डोळे मिट." पाण्याची गार बाटली तिने त्या गुडघ्याला टेकवली. "काय लागतंय?"

"काही नाही."

मग दुसऱ्या गुडघ्याला.

"गार."

"बाबा, गुडघा बरा नाही, बधिर झालाय. दात काढताना देतात तसलं औषध मिसळलंय रसात. उडीने लिगामेंट तुटलं तरी हिला कळायचं नाही."

"संशय आला की रस आटतो," महाराज म्हणाले.

"आटू दे. खरंच बरं झालेलं दोन तासांनीही बरंच असेल. तेव्हा मारेल उडी. तुम्हीही, आज रस टोचलेले सगळे, थांबा, आणि दुखलं तर सांगा."

वडील धाकटीकडे बघत राहिले. ती खाली बसली. "थांबते. मला कुठं जायचंय."

महाराज ध्यानासाठी आत गेले, ते मागच्या दाराने निघून गेले. पडद्यामागे बधिर करणाऱ्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या सापडल्या. तासाभराने पुढच्या रांगेतला एक ड्रायव्हर गुडघा चोळू लागला.

"दुखतंय, ताई," धाकटी म्हणाली. दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

दुसऱ्या दिवशी धाकटीचे सर्जन म्हणाले, "त्या पिवळ्या रसात रक्तातल्या प्लेटलेट्स असतात, त्या आम्हीही वापरून पाहतो. जखम भरायला मदत होते का, ते अजून पक्कं ठरलेलं नाही. पण लिगामेंट जुळायला महिने लागतात. तासात जुळलं असं कुणी म्हटलं, तर कसं ते विचारा."

मग त्यांनी नडगी किती पुढे सरकते, ते दोन्ही गुडघ्यांत मोजलं. फरक तीन मिलिमीटरच्या आत असला, तर लिगामेंट शाबूत.

फरक दोन मिलिमीटर भरला.