मनातलं नाव ओळखणारे बाबा

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. अंतर्नादबाबा डोळे मिटत, "नाद आला, नाद आला!" म्हणत आणि समोरच्याच्या मनातलं गुप्त नाव बरोब्बर सांगत. माझ्या शेजारच्या कुसुमताईंना ते म्हणाले, "आई, ओवी बोलतेय! सुया टोचून घेऊ नकोस म्हणतेय." ताईंनी हंबरडा फोडला. ओवी म्हणजे जन्मतःच गेलेली त्यांची मुलगी. त्या दिवसापासून त्यांनी इन्सुलिन बंद केलं.

चौथ्या दिवशी त्या जिन्यात चक्कर येऊन पडल्या. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. माझं डोकंच फिरलं.

"अहो ताई, हे नाव कुणाकुणाला ठाऊक होतं?"

"कुण्णाला नाही गं नजमा. यांनासुद्धा नाही. फक्त सोसायटीच्या साइटचा पासवर्ड तोच ठेवलाय. तेवढंच तिचं नाव हातून लिहिलं जातं."

मी साइटवर ताईंचा नंबर टाकून 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. ताईंच्या फोनवर लगेच मेसेज आला: तुमचा पासवर्ड 'ओवी'.

अच्छा, पाणी इथे मुरत होतं! नीट बांधलेली साइट पासवर्ड जसाच्या तसा कधीच ठेवत नाही, दळून ठेवते. पिठाचा पुन्हा गहू होत नाही, त्यामुळे साइट चालवणाऱ्यालाही तो वाचता येत नाही. इथे सगळ्यांचे शब्द उघडेच पडले होते. साइट बांधली होती ताईंच्या भाच्यानं, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या श्यामसुंदरनं. ताईंनीच त्याला लहानाचा मोठा केला होता. आणि तो बाबांचा पट्टशिष्य!

मी माझा पासवर्ड बदलून 'चिमी' ठेवला.

गुरुवारी बाबा गहिवरले. "नजमाबेटी, तुझी चिमी वर रडतेय गं!"

"रडू द्या. चिमी हे आमच्या शाळेतल्या प्रिंटरचं नाव आहे. कालच तिची शाई संपली."

हॉल खदखदून हसला. मी फोन उंच धरून सगळ्यांना प्रकार समजावला. बाबांना अचानक दुसरीकडे जायचं आठवलं.

ताई मात्र हसल्या नाहीत. त्या पुढच्या रांगेतल्या भाच्याकडे वळल्या.

"श्याम, बाबांना पासवर्डची यादी तू दिलीस?"

"मावशी, मला वाटलं, तुझी श्रद्धा वाढेल..."

"माझं लेकरू होतं रे ते! तिच्या बापालाही मी नाव सांगितलं नव्हतं. तू ते भर सभेत विकलंस!"

घरी जाऊन त्यांनी आधी इन्सुलिन घेतलं.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तोंड उघडा. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?" एवढंच विचारा. उत्तर जिव्हारी लागेल, तरी विचारा. ताई आजही भाच्याचा फोन उचलत नाहीत.